‘शो डॉग्ज’ : दोन दृश्यं कापली, पण दोष तेवढाच होता का?

पडद्यापाठी

बोलणाऱ्या कुत्र्यांचा सिनेमा म्हटलं की घरात कुणी फार चौकशी करत नाही. मुलं बसतात, मोठे आपापल्या कामाला लागतात. ‘शो डॉग्ज’बद्दल मात्र चौकशी करावी असं माझं मत आहे. इथे फोरमवर वेगवेगळ्या धाग्यांवर त्याचा उल्लेख येऊन गेला, पण टीका नेमकी काय होती हे कुठेच नीट मांडलेलं दिसलं नाही.

आधी माहिती. सिनेमा १८ मे २०१८ रोजी अमेरिकेत लागला. दिग्दर्शक राजा गोस्नेल, म्हणजे ‘स्कूबी-डू’ आणि ‘बेव्हर्ली हिल्स चिवावा’वाले. मॅक्स हा न्यूयॉर्क पोलिसांचा रॉटवायलर (आवाज लुडाक्रिसचा) आणि फ्रँक हा एफबीआयचा माणूस (विल आर्नेट). पांडाचं पिल्लू चोरीला गेलंय, तस्कर लास वेगासच्या एका मोठ्या डॉग शोच्या आडून काम करतायत, म्हणून मॅक्सला स्पर्धक म्हणून आत घुसवतात. त्याला शोचे रीतिरिवाज शिकवणारा फिलीप हा पॅपिलॉन जातीचा जुना विजेता. त्याला स्टॅनली टुचीनं आवाज दिलाय.

वाद झाला तो परीक्षणाच्या प्रसंगावरून. शोमध्ये परीक्षक नर कुत्र्याची अंडकोषं तपासतात. मॅक्सला ते सहन होत नाही, तो चवताळतो. त्यावर त्याला शिकवलं जातं की त्या वेळी मनानं दुसऱ्याच रम्य ठिकाणी निघून जा. शेवटच्या फेरीत तो तसंच करतो आणि निभावतो. अमेरिकेतल्या पालकांनी आणि लैंगिक शोषणाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी यावर कडक आक्षेप घेतला. वितरक ग्लोबल रोडनं आधी बाजू मांडली की शोमधलं परीक्षण जसं होतं तसंच दाखवलंय. मग आठवड्याभरातच दोन दृश्यं काढून नवी प्रत थिएटरांत पाठवली. मूळ पटकथाकारानंही जाहीर केलं की तो प्रसंग त्याच्या मसुद्यातला नव्हता.

माझं म्हणणं असं की कात्री लावून तक्रार मिटली, पण लिखाणातला दोष मिटला नाही. डॉग शो, व्हीएफएक्स (संगणकावर घडवलेली दृश्यं), डबिंग आणि मुलांचं मानसशास्त्र जाणणाऱ्यांनी लिहावं.

रिंगसाइड

वितरकांच्या त्या बचावापासूनच सुरुवात करते, कारण तो अर्धाच खरा आहे.

तपासणी होते, हे खरं. कारण साधं आहे. डॉग शो मुळात पैदाशीसाठी निवड करायला सुरू झाले. नर कुत्र्याची दोन्ही अंडकोषं खाली उतरलेली असणं ही पैदाशीची अट आहे. एक किंवा दोन्ही पोटातच राहिली असतील तर तो दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो, आणि आत राहिलेल्या अंडकोषात गाठ होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून असा कुत्रा रिंगमधून, म्हणजे परीक्षणाच्या मैदानातून, बाद होतो. नसबंदी केलेले कुत्रे अमेरिकेतल्या या प्रकारच्या स्पर्धेत सहसा उतरवता येत नाहीत, तेही याच कारणानं.

आता तपासणी कशी होते ते बघा. रॉटवायलरसारखा मोठा कुत्रा जमिनीवरच तपासतात, टेबलावर लहान जाती. हँडलर (कुत्र्याला रिंगमध्ये घेऊन येणारा) कुत्र्याला स्टॅक करतो, म्हणजे चारही पाय नीट ठेवून स्थिर उभा करतो. परीक्षक समोरून, थोडा बाजूनं, कुत्र्याला दिसेल असा येतो. पहिल्यांदा डोकं आणि दात. रॉटवायलरचे ४२ दात आणि कात्रीसारखी बसणारी पकड बघतात. दोन किंवा जास्त दात कमी असतील तर अमेरिकन नियमांत तो बाद. मग मान, खांदे, छाती, पाठ, मांड्या. परीक्षकाचा हात कुत्र्याच्या अंगावरून न उचलता मागे सरकत जातो, म्हणजे पुढचा स्पर्श कुठे होणार हे कुत्र्याला कळतं. अंडकोषांची खात्री याच ओघात होते, सेकंदाभराचं काम. नंतर चाल. अमेरिकेत परीक्षकाकडून ताशी साधारण २५ कुत्री बघून होणं अपेक्षित असतं, म्हणजे एकेका कुत्र्याला जेमतेम अडीच मिनिटं, चालीसकट. सिनेमात यातल्या एका सेकंदाचा मोठा प्रसंग केलाय. तिथेच प्रमाण बिघडलं.

पण माझा खरा आक्षेप तयारीवर आहे. कुत्र्याला ‘सोसायला’ कुणीही जाणता हँडलर शिकवत नाही. पिल्लू ३ ते १४ आठवड्यांचं असताना ते नवीन अनुभव सहज स्वीकारतं, तेव्हाच सुरुवात होते. दोन-तीन मिनिटांचं एक सत्र. खांद्याला हात, लगेच खाऊ. हात काढला की खाऊ बंद. पिल्लू हाताकडे आनंदानं बघायला लागलं की हात पाठीवर, मग कमरेवर, मग मांडीच्या आतल्या बाजूला. आधी स्वतःचा हात, मग घरातल्या माणसांचा, मग ओळखीतल्या बाईचा, ओळखीतल्या बुवाचा, टोपी घातलेल्याचा, शेवटी पूर्ण अनोळखी माणसाचा. कुठल्याही पायरीवर पिल्लानं ओठ चाटले, अवेळी जांभई दिली, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, शेपूट आत घेतली किंवा ते दगडासारखं थिजलं, की दोन पायऱ्या मागे यायचं. थिजलेल्या कुत्र्याला नवखे लोक ‘शांत उभा आहे’ म्हणतात. घोटाळा तिथेच होतो. असा कुत्रा तालमीत उभा राहतो आणि रिंगमध्ये एक दिवस हात चावतो.

आणि रिंगमध्येही कुत्र्याला नाही म्हणता येतं. तो मागे सरकत राहिला, हात लावू देईना, तर परीक्षक त्याला त्या दिवसापुरतं बाहेर पाठवतात. स्पर्धा तिथे संपते.

म्हणजे स्पर्शाची जागा सिनेमानं खरी दाखवली आणि शिकवण नेमकी उलटी. खऱ्या तालमीचा सगळा भर कुत्र्याला आत काय वाटतंय त्यावर असतो. सिनेमात आत काय वाटतंय ते दाबायचा धडा आहे.

सरळरेघ

रिंगसाइड, माहिती उत्तम. तरीही मला ही टीका ताणलेली वाटते. सात वर्षांचं मूल कुत्र्याच्या तपासणीवरून स्वतःच्या शरीराबद्दल निष्कर्ष काढत नाही. त्याला एवढंच दिसतं की दांडगा पोलिसी कुत्रा ओशाळला, आणि ते हसतं. दृश्यही आता गेलंय. त्यापेक्षा सिनेमा रटाळ आहे, विनोद मोठ्यांच्या जुन्या सिनेमांवर बेतलेले आहेत, पांडाची तस्करी नावापुरती आहे, हे दोष जास्त मोठे.

पडद्यापाठी

पांडाबद्दल सहमत. तस्करीचा विषय घेतलाय आणि पिल्लू फक्त सोडवून आणायची वस्तू म्हणून वापरलंय. ते कुठून आलं, विकत कोण घेतं, का घेतं, यातलं काहीही मुलांपर्यंत पोचत नाही. पण पहिल्या मुद्द्यावर अमृता यांनी लिहावं, त्यांचं कामच ते आहे.

अमृता_समुपदेशक

सरळरेघ, मूल निष्कर्ष काढत नाही हे तुमचं बरोबर. पाच ते आठ वयाची मुलं निष्कर्षानं शिकतच नाहीत, नमुन्यानं शिकतात. नायक अडचणीत आला, त्यानं अमुक केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, एवढा सांगाडा मनात राहतो. बोलणारा प्राणी असेल तर तो जास्तच पक्का बसतो, कारण त्या वयाला प्राण्याशी तादात्म्य सहज होतं. प्राण्यांच्या तोंडून गोष्टी सांगण्याची रीत पंचतंत्रापासून चालत आली ती याच जोरावर. हीच गोष्ट हितोपदेश म्हणून चालते आणि इथे चालत नाही, असं म्हणता येणार नाही.

आता या प्रसंगाचा सांगाडा बघा. मॅक्सला शरीराच्या खाजगी भागाला झालेला स्पर्श नकोसा वाटतो आणि तो ते स्पष्ट दाखवतो. ज्याच्यावर त्याचा भरवसा आहे तो सांगतो की हे असंच असतं, सगळे करून घेतात. मग त्याला मनानं दुसरीकडे जाण्याची युक्ती मिळते. शेवटी प्रतिकार न केल्याबद्दल यश मिळतं. भरवसा, ‘यात काही वावगं नाही’ असं पटवणं, गप्प राहणं, बक्षीस: मुलांना जाळ्यात ओढणारी माणसं याच क्रमानं जातात. त्यात तिसरी पायरी मला सगळ्यांत जास्त खटकते. अत्याचार होत असताना मनानं निघून जाणं ही आघातात आपोआप होणारी गोष्ट आहे. तिच्यातून बाहेर यायला मुलांना वर्षं लागतात. तिला कौशल्य म्हणून, गंमत म्हणून शिकवणं हा प्रकार मुलांच्या सिनेमात बसत नाही.

इथे एक फरक सांगायलाच हवा, नाहीतर टीका खरंच ताणलेली ठरेल. लस टोचताना आपण मुलाला गाणं म्हणायला लावतो, फुगे मोजायला लावतो, ‘डोळे मिटून समुद्रावर जा’ म्हणतो. ती पद्धत मान्यताप्राप्त आहे आणि चांगली आहे. फरक असा की तिथे आई किंवा बाबा शेजारी असतात, कशासाठी टोचतायत हे आधी सांगितलेलं असतं, किती वेळ लागेल ते माहीत असतं आणि नंतर रडलं तरी चालतं, कुणी गुण कापत नाही. डॉक्टरांनी कपड्याआड तपासायचं असेल तरी हेच निकष. सिनेमातल्या प्रसंगात यातलं एकही नव्हतं. लेखकानं एकच वाक्य घातलं असतं, की मॅक्स फ्रँकला सांगतो आणि फ्रँक आधी परीक्षकाशी बोलतो, तर सगळा प्रसंग दुसऱ्या दिशेला गेला असता आणि विनोदही राहिला असता.

ज्यांच्या मुलांनी जुनी प्रत बघितली आहे त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. मुलांना ओरडू नका, सिनेमा ‘घाणेरडा’ म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाहीत. सहज विचारा: मॅक्सला ते आवडत होतं का? त्याला कसं कळलं की आवडत नाहीये? त्यानं कुणाला सांगायला हवं होतं? मूल स्वतःच उत्तर देतं. मग आपली नेहमीची तीन वाक्यं: मोठ्यानं नाही म्हण, तिथून निघून ये, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांग, आणि त्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग. शेवटचा तुकडा पालक हमखास गाळतात.

या बोलण्यातून मुलानं काही वेगळंच सांगितलं, तर उलटतपासणी करू नका. ऐका, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) असा गुन्हा कळल्यावर तो कळवणं बंधनकारक आहे, घरातल्या घरात मिटवण्याची मुभा नाही.

सरळरेघ

लशीचा फरक पटला. निकष नीट समजले. माझा आक्षेप त्या मुद्द्यापुरता मागे घेतो. रटाळपणाचा राहू दे. :)

फ्रेम_२४

रटाळपणाचं एक कारण तांत्रिक आहे आणि समीक्षकांनी ते ‘कुत्रे खोटे वाटतात’ एवढ्या एका वाक्यात उरकलं. जरा खोलात जातो.

खऱ्या कुत्र्याला बोलतं करायचं म्हणजे बहुतेक वेळा नाकाच्या शेंड्यापासून गळ्यापर्यंतचा भाग बदलायचा. आधी खरा कुत्रा चित्रित करतात. केसांवर ट्रॅकिंगच्या खुणा चिकटत नाहीत, म्हणून कुत्र्याच्या डोक्याचं थ्रीडी मॉडेल बनवून ते प्रत्येक फ्रेममध्ये खऱ्या डोक्यावर हातानं बसवावं लागतं. याला मॅचमूव्ह म्हणतात. ते अर्धा पिक्सेल घसरलं तरी जबडा डोक्यावर तरंगताना दिसतो. मग त्या मॉडेलवर मूळ चित्रातलाच केसांचा पोत टाकायचा, जबडा हलवायचा, आणि तोंड उघडल्यावर जे मूळ चित्रात नव्हतंच ते, म्हणजे जीभ, खालच्या हिरड्या, टाळू, नव्यानं बनवायचं. गालावर खरे केस आणि बनवलेले केस जिथे मिळतात ती शिवण लपवणं सगळ्यांत अवघड. रॉटवायलरच्या तोंडावर काळ्या आणि तांबूस रंगाची सीमा नेमकी तिथूनच जाते, त्यामुळे शिवण जरा सरकली की रंगाची रेघ लहरताना दिसते.

आता बोलणं. माणसाचे ओठ पुढे गोल होतात, कुत्र्याचे ओठ जबड्याच्या दोन्ही बाजूंना लोंबतात. त्यामुळे ‘ऊ’ आणि ‘ओ’ दाखवायला जागाच नसते. ‘प’, ‘ब’, ‘म’ तोंड मिटून दाखवता येतात. दातांत ओठ धरून म्हणायचा ‘फ’ निघत नाही. हाताखालचा अ‍ॅनिमेटर नवा असेल तर माणसाचे सगळे आकार कुत्र्याच्या तोंडावर चढवतो आणि थोबाड रबरासारखं ताणलं जातं. अनुभवी माणूस फक्त ठेका पकडतो: जोराच्या अक्षराला जबडा उघडायचा, प-ब-म ला नक्की मिटायचा, बाकी सोडून द्यायचं. आणि जबडा आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी हलवायचा, बरोबर आवाजावर हलवला तर उशिरा वाटतो.

‘शो डॉग्ज’मध्ये माझ्या मते ओठांपेक्षा डोळ्यांनी घात केला. सेटवर कुत्रा बघतो प्रशिक्षकाच्या हातातल्या खाऊकडे. प्रशिक्षक कॅमेऱ्याच्या डावीकडे उभा असेल आणि संवाद उजवीकडच्या पात्राशी असेल, तर तोंड बोलतं एकाशी आणि नजर असते भलतीकडे. मोठ्यांना कारण कळत नाही, पण प्रसंगात जीव वाटत नाही. मॅक्स आणि फिलीपचे लांबलचक संवाद बघा, दोघं एकमेकांशी बोलतायत असं वाटणारे शॉट थोडेच आहेत. २०१९ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं: भुवईची आतली बाजू वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत चांगला विकसित आहे, लांडग्यांत जवळपास नाही. आपल्याला कुत्र्याचा चेहरा ‘बोलतो’ असं वाटतं ते तिथून. तेवढी भुवई नीट हलवली तर अर्धं काम होतं. इथे कपाळ स्थिर आणि खाली जबडा चाललेला, असे शॉट ढीगभर आहेत.

आणखी एक, सेटवरचं. कुत्रा धापा टाकत असेल तर शॉट फुकट जातो, कारण त्याचा खरा जबडा सतत हलत असतो आणि आधी तो पुसावा लागतो. म्हणून सेट थंड ठेवतात, दिवे लागायच्या आधी कुत्र्याला सावलीत बसवतात, दोन टेकच्या मध्ये पाणी आणि विश्रांती देतात. इकडे काटकसर केली की व्हीएफएक्सचा खर्च दुप्पट.

ज्यांना चांगलं काम बघायचंय त्यांनी १९९५चा ‘बेब’ बघावा. त्याला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं. त्यात ऱ्हिदम अँड ह्यूजचं काम होतं. याच कंपनीचा स्टुडिओ पुढे मुंबईतही निघाला आणि बोलणाऱ्या प्राण्यांचं काम करणारी इथली एक पिढी तिथे तयार झाली. कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण ती माणसं आजही या धंद्यात आहेत.

ध्वनिपट्टी

फ्रेम_२४ यांनी सांगितलेल्या ठेक्याच्या जोरावरच अशा सिनेमांचं डबिंग सोपं जातं. माणसाच्या क्लोज-अपला प-ब-म जुळवताना अनुवादक रडकुंडीला येतो. कुत्र्याच्या तोंडाला जबड्याची उघडझाप मोजायची, तेवढे ठोके वाक्यात बसवायचे, आणि शेवटचा ठोका मिटलेल्या तोंडावर आला की काम झालं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून जोर शेवटाकडे ढकलला जातो. इंग्रजी वाक्याचा जोर बरेचदा आधी पडतो. त्यावर उपाय म्हणजे वाक्य फिरवायचं. ‘मी हे अजिबात करणार नाही’ ऐवजी ‘अजिबात नाही करणार मी’. मुलांच्या कानाला ते बोलीतलंच वाटतं.

डबिंगनं टीका धुऊन निघते, असं मात्र कुणी समजू नये. द्वयर्थी संवाद बदलता येतो, बहुतेक वेळा बदलतातच. पण परीक्षणाचा प्रसंग संवादात नव्हता, चित्रात होता. चित्र तसंच ठेवून शब्द सौम्य केले तर उलट जास्त वाईट होतं, कारण मुलाला दिसतं एक आणि सांगितलं जातं ‘काही नाही, काही नाही’.

श्वानसखी

जातींबद्दल कुणीच लिहिलं नाही. मुलांच्या अशा सिनेमांवर प्राणीमित्र टीका करतात ती बहुतेक वेळा याचसाठी.

सिनेमात स्प्रिंकल्स नावाचा पग आहे, कर्मा नावाचा कोमोंडोर आहे. दोघंही विनोदासाठी. पग धापा टाकतो, घोरतो, ते गोड म्हणून दाखवायचा प्रघात जुना आहे. चपट्या तोंडामुळे नाकपुड्या अरुंद, टाळूचा मऊ भाग गरजेपेक्षा लांब, श्वासाला वाट कमी. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि पगला तेच नीट जमत नाही. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी दहा मिनिटं फिरवलेला पग उष्माघातानं कोसळू शकतो. आपल्याकडे पगची लाट आली ती हच या मोबाइल कंपनीच्या २००३च्या जाहिरातीनंतर. ती गोव्यात चित्रित झाली होती आणि देशभर त्या कुत्र्याला मागणी आली. कोमोंडोर तर हंगेरीचा मेंढ्या राखणारा कुत्रा, अंगावर दोरखंडासारखे केस. ते विंचरत नाहीत, हातानं सुटे करतात, आणि एकदा धुतले की सुकायला दोनेक दिवस लागू शकतात. कोकणातल्या हवेत त्याचं काय होईल ते सांगायला नको, ओल राहिली की बुरशी.

सिनेमामुळे जातीची मागणी वाढते का, याचा अभ्यास झालाय. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ८७ सिनेमे तपासले होते. काही सिनेमांनंतर त्या जातीची नोंदणी दहा वर्षांपर्यंत चढी राहिली. अलीकडच्या सिनेमांत परिणाम कमी दिसतो असंही त्यात आहे, तेही सांगायला हवं. पण रॉटवायलरसारख्या कुत्र्याच्या बाबतीत कमीही पुरेसा होतो. ताकदीचा, राखणदारी रक्तात असलेला कुत्रा, त्याला रोज काम आणि सातत्यानं शिकवण लागते. फ्लॅटच्या बाल्कनीत बांधून ठेवला की तो बिघडतोच, आणि मग सोसायटीत सगळ्या जातीवर ठपका येतो.

आणखी एक टीका या सिनेमाला लागू नाही, पण या प्रकाराला लागू आहे. ‘स्नो बडीज’ या बोलणाऱ्या पिल्लांच्या सिनेमाच्या वेळी २००७ मध्ये पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूसंसर्ग) आणि इतर आजारांची लागण होऊन पाच पिल्लं गेली. आणलेली पिल्लं आठ आठवड्यांपेक्षा लहान होती. त्या वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते आणि लस अजून लागू पडलेली नसते. अशी पिल्लं वेगवेगळ्या ठिकाणांहून एकत्र आणली की एका आजारी पिल्लामुळे सगळी आजारी पडतात. पार्व्होचा विषाणू साध्या फिनाइलनं मरत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं आणि ते दहा मिनिटं राहू द्यावं लागतं. गोड पिल्लांचा घोळका पडद्यावर दिसला की हा प्रश्न मनात यायला हवा. आपल्याकडे शूटिंगसाठी प्राणी वापरायचा तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी लागते, २००१च्या नियमांनुसार.

पल्लवी_ठाणे

सगळं वाचलं, खूप उपयोगी. साधे प्रश्न विचारते. आता ऑनलाइन आहे ती प्रत कापलेली की मूळ? आणि वय किती धरायचं?

पडद्यापाठी

२६ मे २०१८च्या आठवड्यापासून थिएटरांत कापलेलीच प्रत होती, आणि त्यानंतर डिस्क आणि ऑनलाइन आलेली प्रत तीच असायला हवी. तरी खात्री करायची तर शेवटच्या वीस मिनिटांतली रिंगमधली अंतिम तपासणी आधी बघून घ्या. मॅक्स मध्येच नाचाच्या स्वप्नात गेला तर ती जुनी प्रत.

वयाचं सांगायचं तर अमेरिकेत त्याला पीजी (पालकांच्या देखरेखीत बघावा असं) प्रमाणपत्र आहे, आणि कारणांत सूचक विनोद आणि भाषा असं स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे ओटीटीवर यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए असे गट दिसतात. सेन्सॉर बोर्डानंही २०२४च्या नियमांत यूएचे असेच तीन भाग केले. गटाशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं कारण वाचा, गटापेक्षा ते जास्त सांगतं. मुलांच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन, हे दोन्ही लावा. फक्त पहिलं लावलं तर मूल सरळ तुमच्या प्रोफाइलवर जातं. माझ्या मते हा सिनेमा आठच्या आतल्या मुलांना दाखवण्यासारखा नाही, कापलेलाही नाही. त्याहून मोठी असतील तर शेजारी बसून.

आणि कृपया लक्षात ठेवा, ‘स्ट्रेज’ नावाचा २०२३चा सिनेमाही खऱ्या दिसणाऱ्या बोलक्या कुत्र्यांचा आहे, पोस्टरही गोड आहे. तो निव्वळ प्रौढांसाठी आहे, अमेरिकेत आर प्रमाणपत्र. शोधताना दोन्ही एकत्र समोर येतात.

अमृता_समुपदेशक

+१. आठच्या खालच्यांना ‘होमवर्ड बाउंड’ (१९९३) दाखवा. त्यात तोंडं हलवलेलीच नाहीत, फक्त विचार ऐकू येतात. फ्रेम_२४ यांची तांत्रिक तक्रारही मिटते. काही प्रसंगांत जनावरं हरवतात, लहानांना रडू येतं, तेवढं धरून चाला.

पल्लवी_ठाणे

धन्यवाद. शेवटचं एक. असे सिनेमे बघून मुलं खाली सोसायटीतल्या कुत्र्यांना मिठ्या मारायला धावतात. त्याला काय करायचं?

रिंगसाइड

मिठी नाहीच, ओळखीच्या कुत्र्यालाही नाही. बहुतेक कुत्र्यांना मिठीत कोंडल्यासारखं होतं.

पाळलेला असेल तर आधी मालकाला विचारायचं, मग कुत्र्याला. दोन पावलांवर बाजूला तोंड करून उभं राहायचं, हात खाली सैल. नाकासमोर मूठ पुढे करायची जुनी सवय सोडा, त्यानंही काही कुत्रे दचकतात. कुत्रा आपणहून जवळ आला तर छातीला किंवा खांद्याला हात लावायचा, डोक्यावरून नाही. तीन सेकंद कुरवाळायचं आणि थांबायचं. तो अंगाला रेलला, हाताखाली डोकं घातलं, तर पुढचे तीन सेकंद. मान वळवली, ओठ चाटले, जागीच थिजला, तर झालं, आपण मागे. तीन सेकंद मुलांना मोजता येतात, म्हणून हे त्यांना पटकन जमतं.

रस्त्यावरच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. खाताना, झोपलेला असताना आणि पिल्लांपाशी कुठल्याच कुत्र्याला नाही. अंगावर धावून आला तर पळायचं नाही, झाडासारखं स्थिर उभं राहायचं, नजर पायांकडे. दात किंवा नखं लागली, ओरखडा का असेना, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, टाके लगेच घालू नका म्हणून डॉक्टरांनाही आठवण करा. कुत्रा पाळलेला आहे, लस झालेली आहे, असं मालक म्हणाला तरी रेबीजच्या लशीचा निर्णय डॉक्टरांनाच घेऊ दे.